पंधराव्या मिनिटाचा फोन: गावाकडच्या व्हिडिओसाठी हलका मोबाईल कसा निवडावा

दिवाळीनंतर आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात, मंडई म्हणजे गावजत्रा सुरू होतात. भाऊबीजेपासून आज या गावात, उद्या त्या गावात. धान कापणीला आलेलं असतं, थंडी नुकतीच पडू लागलेली असते आणि रात्री कुठे दंडार, म्हणजे गाण्या-नाचाचं लोकनाट्य, कुठे नाटक. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मंडईत मी दंडार मोबाईलवर घ्यायला उभा राहिलो. फोन नवा, मोठ्या पडद्याचा, कव्हरसकट अडीचशे ग्रॅमच्या वर. पहिली पाच मिनिटं चित्र सुरेख आलं. दहाव्या मिनिटाला कोपर दुखायला लागलं, बाराव्याला चित्र डुलायला लागलं. मग मी हात बदलला आणि नेमका त्याच वेळी म्हाताऱ्या गायकाने ज्या ओळीसाठी सगळा मांडव थांबला होता ती ओळ घेतली. व्हिडिओत त्या जागी मंडपाचं छत आणि माझा अंगठा आहे. ते काका आता फारसे गात नाहीत.

तेव्हापासून फोन घेताना कोणी सल्ला विचारला की मी एकच गोष्ट सांगतो. दुकानदार तुम्हाला पहिला मिनिट दाखवतो, तुम्हाला फोन पंधराव्या मिनिटासाठी घ्यायचा आहे. हात थकतो तो पंधराव्या मिनिटाला. फोन तापतो, बॅटरी घसरते, जागा संपते, तेही तेव्हाच. पुढचं सगळं त्या पंधराव्या मिनिटाकडे बघून लिहिलं आहे.

आधी कागदावर लिहा

दुकानात जायच्या आधी घरी बसून तीन ओळी लिहा: काय शूट करणार, किती वेळ सलग, आणि उजेड कसा असणार. कापसावरची बोंडअळी, संत्र्याच्या बागेतली फळगळ किंवा तुरीवरची अळी दाखवायला दोन मिनिटं पुरतात आणि उजेड भरपूर असतो. त्याला साधा फोनही चालतो. बचत गटाच्या ताईंना पापड-लोणच्याचे व्हिडिओ करायचे असतील तर समोरचा कॅमेरा आणि आवाज महत्त्वाचा. भजन, दंडार, रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं (आमच्या या भागाचं) नाटक, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, लग्न यांचा प्रकार मात्र वेगळा. वेळ लांब, उजेड कमी किंवा भगभगीत, आवाज कर्कश. तिघांना एकच फोन सारखाच चांगला असतो, असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विसंबू नका.

वजन: हातात धरा, काट्यावर ठेवा

मला विचाराल तर १७० ग्रॅमच्या आतला फोन हलका. १७० ते १९० पर्यंत चालतो. २०० च्या वर गेला की हातात धरून लांब व्हिडिओ घेणं जड जातं, मग स्टँड लागतोच. आजकाल स्वस्तातले बहुतेक फोन १९० ते २१० च्या आसपास भरतात, कारण मोठा पडदा आणि मोठी बॅटरी. खरोखर हलके हवे असतील तर उदाहरणं आहेत: २०२२ चा आयफोन एसई १४४ ग्रॅमचा, आयफोन १३ मिनी १४० च्या आसपास, सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २३ आणि एस २४ साधारण १६८ ग्रॅमचे. नवे घेतले तर महाग, पण जुन्या बाजारात मिळतात. त्याबद्दल पुढे येईन.

वजन बॉक्सवर नसेल तर कंपनीच्या साईटवर असतं. पण कव्हर आणि काच विसरू नका. माझं जाड रबराचं कव्हर मी गावातल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं तर नुसतं कव्हर ३८ ग्रॅम भरलं. हलका फोन घेऊन त्यावर असं कव्हर चढवलं की सगळी मेहनत वाया. पातळ कव्हर घ्या.

वजनाइतकंच ते कुठे आहे हेही बघावं. काही फोनच्या मागे कॅमेऱ्याचा जाड उंचवटा असतो आणि फोन वरून जड होतो. आडवा धरला की तो एका बाजूला कलतो, मनगट सतत तो तोल सावरतं. तसंच मागची बाजू काचेची की प्लास्टिकची ते विचारा. प्लास्टिक पाठीचा फोन दिसायला साधा, पण हलका असतो आणि शेताच्या बांधावर पडला तर मागचं पान फुटत नाही. मला तीच बाजू जास्त पटते.

दुकानातली परीक्षा अशी घ्या. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, मधल्या वारी दुपारी जा. नमुन्याच्या फोनवर व्हिडिओ चालू करा, फोन आडवा धरा, कोपर अंगाला टेकवू नका आणि पूर्ण दहा मिनिटं उभे राहा. वडशातल्या एका दुकानदाराने मला विचारलं होतं, "भाऊ, किती वेळ धरून ठेवता जी?" मी म्हटलं, दंडार चाळीस मिनिटांची असते. तो हसला आणि त्याने स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही, कारण मंडईत स्टूल नसतं.

एक गोष्ट मात्र मान्य करूनच पुढे जा. हलका फोन म्हणजे बऱ्याचदा लहान बॅटरी. गॅलॅक्सी एस २४ मध्ये ४,००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आहे, तर स्वस्तातल्या जड फोनमध्ये ५,००० किंवा ६,०००. गावात रात्री लाईट जाते हे आपल्याला माहीत आहे. मी हलका फोन आणि खिशात पॉवर बँक असं करतो. पॉवर बँकचं वजन खिशात असतं, हातात नाही.

कॅमेरा: मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा

जाहिरातीत ५०, १०८, २०० मेगापिक्सेल असे आकडे येतात. हे आकडे फोटोसाठी आहेत. व्हिडिओचं गणित वेगळं. १०८०पी म्हणजे फुल एचडी व्हिडिओतलं एक चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम २१ लाख. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. म्हणजे फोर-केलासुद्धा साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. मागे तीन-चार डोळे दिसतात त्यातले २ मेगापिक्सेलचे 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' वाले व्हिडिओच्या कामाचे नसतात. त्यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मग बघायचं काय? पहिलं, ओआयएस. यात कॅमेऱ्याचं भिंग किंवा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, आतल्या आत खरोखर हलतो आणि हाताची थरथर जिरवतो. दुसरा प्रकार ईआयएस. त्यात काही हलत नाही, सॉफ्टवेअर चित्राच्या कडा कापून उरलेलं चित्र स्थिर ठेवतं, त्यामुळे चित्र जरा जवळ आल्यासारखं दिसतं. दिवसा ईआयएस छान चालतं. रात्री नाटकाच्या उजेडात मात्र ओआयएसचा फरक डोळ्यांना दिसतो. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उघडा राहतो, तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट होतं, आणि पुसट झालेलं चित्र नुसतं कापून सरळ होत नाही.

बॉक्सवर 'ओआयएस' लिहिलेलं आहे का बघा, आणि ते कोणत्या कॅमेऱ्याला आहे ते विचारा. बहुतेक वेळा ते फक्त मुख्य कॅमेऱ्याला असतं, वाईडला, म्हणजे जास्त रुंद चित्र घेणाऱ्याला, नसतं. शिवाय काही फोनमध्ये फोर-के किंवा ६० फ्रेम (सेकंदाला ६० चित्रं) निवडलं की स्थिरता बंद पडते. हे कोणी सांगत नाही, स्वतः तपासावं लागतं. व्हिडिओ चालू करून दुकानाच्या दारापासून काउंटरपर्यंत नेहमीच्या चालीने चाला. आधी १०८०पी वर, मग फोर-के वर. दोन्ही व्हिडिओ तिथेच लावून बघा. पावलागणिक चित्र उसळत असेल तर तो फोन ठेवून द्या.

दुसरं, सेन्सरचा आकार. तो १/१.५६ इंच, १/२.७६ इंच असा लिहितात. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, आणि मोठा सेन्सर अंधारात जास्त उजेड पकडतो. भिंगाचा आकडा एफ १.८ च्या आसपास असेल तर चांगलं. इथेही आकडा लहान म्हणजे उजेड जास्त.

समोरच्या कॅमेऱ्याचं थोडक्यात: स्वस्तातल्या फोनमध्ये तो बहुधा १०८०पी वरच थांबतो, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

रात्रीचा मंच

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचे सगळ्यात चांगले कार्यक्रम रात्री होतात आणि सगळ्यात वाईट व्हिडिओही तेव्हाच येतात.

मंचावर कलाकाराच्या चेहऱ्यावर तेज दिवा असतो आणि मागे काळा पडदा. कॅमेऱ्याला वाटतं सगळं अंधारलेलं आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढरा फटक होतो. नाकडोळे दिसतच नाहीत. उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच थांबल्याची खूण येते. मग सूर्याची खूण किंवा पट्टी येते ती खाली ओढा, चेहरा नीट दिसेपर्यंत. फोन घेताना ही सोय व्हिडिओ चालू असतानाही चालते का ते पाहा, कारण काही फोनमध्ये ती फक्त फोटोत असते.

दुसरी तक्रार म्हणजे व्हिडिओत आडव्या काळ्या पट्ट्या सरकतात किंवा दिवे लुकलुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही की पट्ट्या येतात. सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' असेल तर ५० हर्ट्झ निवडा. प्रो व्हिडिओ (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा उघडा राहायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. स्वस्त एलईडी रंगीत दिव्यांची लुकलुक एवढ्यानेही कधी जात नाही. तेव्हा जागा बदलून बघा, त्या दिव्याच्या थेट समोर उभे राहू नका.

आणि रात्री ६० फ्रेम निवडू नका. सेकंदाला ६० चित्रं घ्यायची म्हणजे प्रत्येकाला उजेड गोळा करायला निम्मा वेळ मिळतो. ३० फ्रेम, १०८०पी. नाटकाला मी याच्यावर जात नाही.

आवाज

चित्र थोडं हललं तर माणूस बघतो, आवाज फाटला तर बंद करतो. भजनात तर आवाजच सगळं. फोनच्या खालच्या कडेला आणि वरच्या कडेला माईकची बारीक भोकं असतात. फोन आडवा धरला की आपलं बोट नेमकं त्यातल्या एकावर बसतं. घेण्याआधी ती भोकं शोधा आणि तुमच्या पकडीत ती झाकली जातात का पाहा.

भोंग्याच्या जवळ उभं राहिलं की ढोलकीची थाप फुटते आणि टाळ नुसते करकरतात. हा फोनचा दोष नसतो, बाजूला सरका. शेतात वारा असेल तर वेगळा कॉलर माईक लागतो, त्यावर छोटा स्पंज असतोच. वायरचा माईक स्वस्त आणि भरवशाचा, बिनवायरचा सोयीचा. गोल जॅकचा माईक असेल तर फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे का बघा, नाहीतर टाइप-सीचा माईक घ्या. आयफोनला टाइप-सी १५ व्या मालिकेपासून आलं, त्याआधीच्या फोनना लाइटनिंगचा, म्हणजे ॲपलच्या जुन्या पिनेचा, माईक लागतो. एक अडचण बऱ्याच जणांना घरी गेल्यावर कळते. काही फोनचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माईक घेतच नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोनवर ओपन कॅमेरा नावाचं मोफत ॲप टाका, त्यात बाहेरचा माईक निवडता येतो.

एप्रिल-मे

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. फोन बनवणारे काय गृहीत धरतात? ॲपल आपल्या फोनसाठी शून्य ते ३५ अंशांपर्यंतची हवा सांगतं. म्हणजे आपला मे महिना त्यांच्या हिशेबात बसतच नाही. उन्हात फोर-के व्हिडिओ घेतला की फोन आधी पडदा अंधारा करतो, मग व्हिडिओ अडखळतो, मग सूचना येते आणि रेकॉर्डिंग बंद. हलक्या, पातळ फोनला उष्णता पसरवायला जागा कमी असते, त्यामुळे तो लवकर तापतो. ही हलक्या फोनची दुसरी खरी किंमत.

उन्हाळ्यात १०८०पी वर घ्या, कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, चार्जिंग लावून शूट करू नका. दोन व्हिडिओंच्या मधे फोन सावलीत ठेवा, बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत नाही. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा बर्फाजवळ ठेवू नका, आत दव धरतं. दुकानात ही परीक्षा होत नाही. म्हणून त्याच मॉडेलचा फोन ओळखीत कोणाकडे असेल तर त्यालाच दुपारी अंगणात पंधरा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवायला सांगा.

धुळीचंही तसंच. मळणीयंत्राजवळ, जिनिंगजवळ फोन काढायचा तर आयपीचा आकडा बघा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धूळ बऱ्यापैकी अडते आणि शिंतोडे चालतात. आयपी ६८ त्याहून पक्कं. तरी आत पाणी गेलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही, हे लक्षात ठेवा.

जागेचा हिशेब

१०८०पी, ३० फ्रेम व्हिडिओ एका मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो. तासाला पावणेआठ जीबी धरा. फोर-के, ३० फ्रेमला मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास, म्हणजे तासाला २१ जीबी. साध्या एच.२६४ ऐवजी व्हिडिओ जास्त दाबून साठवणारा एच.२६५ किंवा एचईव्हीसी नावाचा पर्याय चालू केला की जवळपास निम्मी जागा लागते. पण तालुक्याच्या ठिकाणी ज्या जुन्या संगणकावर तुम्ही व्हिडिओ जोडायला देता तिथे ती फाईल उघडेलच असं नाही. आधी एक छोटी फाईल नेऊन बघा.

१२८ जीबीचा फोन म्हणजे हाताला शंभर-एक जीबी, त्यातही व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगचे ढीग. नाटकवाल्याने २५६ घ्यावा किंवा कार्डाची जागा असलेला फोन घ्यावा. कार्डावर 'व्ही ३०' लिहिलेलं असावं, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहू शकतं. स्वस्त, नकली कार्डाने माझ्या मावसभावाच्या लग्नातल्या सात फेऱ्यांतले शेवटचे दोन गेले. पाचच्या पुढे फाईल उघडतच नाही.

पैसे देताना

पंधरा हजारांच्या आसपास नवा फोन घेताना वजन, ओआयएस आणि बॅटरी ही तिन्ही एकत्र मिळणं अवघड असतं. माझं मत स्पष्ट आहे: त्या पैशात दोन-तीन वर्षांपूर्वीचा, ओआयएस असलेला, हलका महागडा फोन जुन्यात घ्यावा. पण तपासून. *#०६# दाबलं की आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येतो. तो बॉक्स आणि बिलाशी जुळवा. मग इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल किंवा नंबर बनावट असेल तर ते उत्तरात कळतं. बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसत असेल तर बघा, आणि ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या.

नवा असो वा जुना, पक्कं बिल घ्या. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी असतो आणि "बिल नको तर स्वस्तात देतो" या बोलण्यात वॉरंटी जाते. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही तिथेच विचारा. गडचिरोलीच्या आतल्या गावातून पडदा बदलायला नागपूर गाठावं लागलं तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं फोनच्या किमतीतच धरा. दुकानदाराने फसवलं तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

पहिल्या कार्यक्रमाला

फोन घेतल्यावर थेट लग्नात नेऊ नका. आधी घरच्या अंगणात संध्याकाळी वीस मिनिटं सलग व्हिडिओ घ्या आणि शेवटची पाच मिनिटं नीट बघा. कार्यक्रमाला निघताना भिंग पुसा, आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग मऊ सुती कापडाने. खिशातल्या तंबाखूच्या पुडीची पूड भिंगावर बसली की प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं. व्हिडिओ सुरू करण्याआधी फ्लाईट मोड लावा, कारण मधेच फोन आला की काही मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. कोपर अंगाला टेकवा, पाठ खांबाला लावा. दुकानात मुद्दाम अधांतरी धरलात, मंडपात तसं करायची गरज नाही.

व्हिडिओ मंडळाला पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, चित्र दाबून टाकलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. त्याहून मोठा असेल तर ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राईव्ह घ्या आणि तो एक्सफॅट नावाच्या प्रकारात फॉरमॅट करून घ्या, जुन्या फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही.

मागच्या मंडईनंतर ते गाणारे काका घरी आले होते. या वेळी ते गायले नव्हते, त्यांचा मुलगा गायला. माझ्या फोनवर बघत म्हणाले, "बाबू, हे टीव्हीवर दिसन का?" त्यांचा टीव्ही जुना, एच.२६५ घेत नाही. मी १०८०पी, साध्या एच.२६४ मध्येच घेतलं होतं. पेनड्राईव्ह लावला, चाळीस मिनिटं सलग चाललं.